ऐकणाऱ्याची उंची

१

जड स्पीकर लाकडी जमिनीवरून हलवायचा असेल तर तो ढकलायचा नाही. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो. प्रत्येक जण मान डोलावतो, घरी जातो आणि ढकलतो.

दातांचे एक डॉक्टर माझे जुने गिऱ्हाईक. त्यांनी असेच स्पीकर भिंतीपासून खिडकीपर्यंत ढकलत नेले. जमिनीवर रेघा उमटल्या, अगदी आगगाडीच्या रुळांसारख्या. घाबरून त्याच दिवशी त्यांनी गालिचा आणून टाकला. बायकोने विचारलं, "हा कशाला?" म्हणाले, "तुला आवडेल म्हणून." बाईसाहेब इतक्या खूश झाल्या, की पहिल्याच रविवारी गालिचा उन्हात घालायला उचलला. तेव्हापासून डॉक्टरांचे स्पीकर मीच हलवतो. त्यांना हात लावायची परवानगी नाही.

रीत साधी आहे. आधी जमीन झाडायची, मग फडक्याने पुसायची, कारण जडपणाने जेवढी जमीन बिघडत नाही तेवढी खाली अडकलेल्या वाळूच्या एका कणाने बिघडते. घड्याळ, अंगठी, कमरेचा पट्टा काढून ठेवायचा. मोठ्या स्पीकरला खाली टोकदार स्क्रूचे पाय असतात आणि लाकडात भोक पडू नये म्हणून प्रत्येक टोकाखाली पितळी चकती असते. एकाने स्पीकरला मिठी मारून तो किंचित कलवायचा. दुसऱ्याने चकत्या काढून घेऊन खाली प्लायवूडचा तुकडा आणि घडीचं ब्लँकेट सारायचं. मग ओढायचं ते ब्लँकेट. स्पीकर धरणाऱ्याने नुसतं सोबत चालायचं, आजारी माणसाला आधार देत नेतात तसं. एकट्याचं हे काम नाही. एकट्याने केलं की जमिनीवर खूण राहतेच.

मिठी मारायचं काम पैलवानाकडे. पैलवान म्हणजे माझा मेहुणा. कुस्ती त्याने आयुष्यात खेळली नाही. अंगावरून नाव पडलं. माझी बायको वारली तेव्हा तो दहाव्याला आला आणि परत गेलाच नाही. मीही कधी विचारलं नाही.

२

स्पीकर हलवणं निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे त्यांची तोंडं लावणं.

दोन्ही स्पीकर थोडे आत वळवायचे असतात. त्यांच्या नाकासमोरून दोन सरळ रेघा काढल्या तर त्या जिथे मिळतील तिथे ऐकणाऱ्याचं डोकं असायला हवं. मी हे दोरीने करतो. दोन्ही स्पीकरच्या वरच्या छोट्या पडद्यापाशी दोरीची टोकं चिकटवायची आणि दोन्ही दोऱ्या ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत ताणायच्या. माणूस उंच असेल तर पुढचे स्क्रू थोडे फिरवून स्पीकर मागे कलवायचा, बुटका असेल तर पुढे झुकवायचा. त्यामुळे एखाद्या बंद घरात नुसते स्पीकर बघूनही मी सांगू शकतो, मालक कुठे बसतो आणि बसल्यावर केवढा दिसतो. लग्नकार्यात जादू म्हणून हे ऐकवायला बरं असतं.

एका साहेबांच्या घरी अशीच दोरी धरली होती. साहेब नकाशे काढायचे. ताडमाड उंच, आणि खुर्चीतही असे ताठ बसायचे जणू समोर फोटोग्राफर उभा आहे. पैलवान दोरीचं टोक त्यांच्या कानाशी नेताना म्हणाला, "साहेब, थोडं वाकलात तर माझे स्क्रू वाचतील." साहेब वाकले नाहीत. दोन्ही स्पीकर चांगले मागे कलवावे लागले.

नंतर बरीच वर्षं गेली. साहेब आजारी पडले, स्वतःच्या पायांनी गाडीत बसून दवाखान्यात गेले आणि तिथेच संपले. मी घरी भेटायला जाऊन आलो. नंतर काही महिन्यांनी त्यांच्या पत्नीचा, बाईंचा, दुकानात फोन आला.

"शेठ, स्पीकर हलले आहेत. येऊन जागेवर ठेवता का?"

"कोणी हलवले?"

"तेच तर," बाई म्हणाल्या.

३

दुपारची वेळ होती. वरच्या मजल्यावरची ती लांबट खोली मला आठवत होती तशीच होती, फक्त जास्त स्वच्छ. एकट्या माणसाचं घर एकतर फार पसरलेलं असतं किंवा फार आवरलेलं. एक कप, एक ताटली, एक चप्पलजोड. साहेबांची वेताची खुर्ची जागच्या जागी होती.

स्पीकर मात्र खुर्चीकडे बघत नव्हते.

सरकले नव्हते, जागच्या जागी वळले होते. दोघांचंही तोंड खुर्चीच्या अंगावरून पलीकडे, खुर्ची आणि झोपायच्या खोलीचं दार यांच्या मधे. तिथे काहीही नव्हतं. मोकळी जमीन.

"कामवाली," पैलवान माझ्या कानात म्हणाला. "झाडू मारताना ढकलले असणार."

मी खाली वाकलो. चष्मा पुसला, पुन्हा वाकलो. स्क्रूची टोकं पितळी चकत्यांच्या बरोबर मध्यावर होती. चकत्यांभोवती पॉलिशवर एक रेघ नव्हती. एवढा बोजा एवढा वळवायचा म्हणजे चारही पाय उचलून नव्या ठिकाणी ठेवायला हवेत. मी आणि पैलवान मिळूनही हे इतकं स्वच्छ करू शकलो नसतो. खरं सांगायचं तर मला त्या वेळी भीती नाही वाटली. धंद्यातल्या माणसाला वाटतं तेच वाटलं: कोण आहे हा, आणि आपल्याकडे कामाला येईल का?

"कामवाली नाही माझ्याकडे," बाई म्हणाल्या. त्यांनी ऐकलं होतं. "सगळं मीच करते."

त्यांची मनगटं मी पाहिली. चहाचा ट्रे धरतानाही कप वाजत होते.

"लाकूड आहे बाई," मी म्हणालो. "हवेप्रमाणे फुगतं, आक्रसतं. त्यात गाणी लावली की थरथर असते. हळूहळू सरकतात."

"गाणी नाही लावत. अँप्लिफायर लेकीने नेला, तिच्या मुलाला हवा होता."

तेव्हा मी स्पीकरच्या मागे पाहिलं. तारा सुटून लोंबत होत्या. ते कशालाच जोडलेले नव्हते.

आम्ही ते पुन्हा खुर्चीकडे वळवले. चकत्यांभोवती मी खडूने बारीक गोल काढले. पैलवान घाम पुसत म्हणाला, "आता हलले तर पावती फाडा त्यांच्या नावाने." बाई हसल्या. आम्ही निघालो तेव्हा त्या दारात उभ्या राहिल्या. जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत दार लागल्याचा आवाज आला नाही.

४

पुढचा फोन आला तो काही आठवड्यांनी. या वेळी दोन्ही स्पीकर झोपायच्या खोलीच्या उंबऱ्याकडे बघत होते.

खडूचे गोल तसेच होते, पुसटही झालेले नव्हते. चकत्या त्यांच्यातून बाहेर पडून शेजारी बसल्या होत्या.

मी पाणसळ, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, काढून स्पीकरच्या डोक्यावर ठेवली. मागे कलून असायला हवे होते. ते पुढे झुकले होते. पुढचे स्क्रू पार आत गेले होते, मागचे बाहेर आले होते. फळी दबली असेल, असं मी मनाशी म्हटलं. फळी दबली तर स्क्रू कसे फिरतील, हा प्रश्न मी मनाला विचारू दिला नाही. समोर गिऱ्हाईक असताना मी स्वतःशी वाद घालत नाही.

"पुन्हा खुर्चीकडे करू?"

बाईंनी आधी उंबऱ्याकडे पाहिलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला वाटतं, आमचे हे जागा बदलून बसले असतील."

असं बोलणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं ते मला ठाऊक आहे, कारण मलाही लोकांनी बरीच उत्तरं दिली होती. मी म्हणालो, "असेल तसंही." पैलवानाने माझ्याकडे पाहिलं आणि ब्लँकेटची घडी घालायला लागला.

५

बाईंची लेक दुकानात आली ती शाळकरी असताना मी तिला पाहिलं होतं तशीच, दोन पायऱ्या एकदम चढत.

"काका, आई तुमचं ऐकते."

"माझं कोणी ऐकत नाही गं. ऐकत असते तर सगळ्यांच्या जमिनी शाबूत असत्या."

ती हसली नाही. "तिला मी माझ्याकडे नेतेय. खोली तयार केली, पलंग घेतला. दर वेळी बॅग भरते आणि ऐन वेळी म्हणते, मी इथेच बरी. परवा फोन केला तर बोलत होती. माझ्याशी नाही, फोन उचलायच्या आधीपासून. मी हॅलो हॅलो करतेय आणि ती कोणाला तरी सांगतेय की दुधाला आज विरजण नीट लागलं नाही. काका, ती तिथे एकटी वेडी होईल. नाहीतर एक दिवस पडेल आणि मला कळणारसुद्धा नाही."

"मग मी काय करू?"

"ते स्पीकर घेऊन जा. बाबा तिथे आहेत असं तिला त्या खोक्यांमुळे वाटतं. ते गेले की तीही निघेल. शनिवारी मी गाडी घेऊन येते. तुम्ही स्पीकर न्या, मी तिला नेते."

मला ते पटलं. बायको गेल्यावर तिची शिवणाची मशीन मी अशीच कोणाला तरी देऊन टाकली होती. त्याने बरं वाटतं असं नाही, पण खोलीत चालायला जागा होते.

६

शनिवारी दुपारी लेक खाली गाडीत थांबली. "मला बघितलं की ती अडून बसेल," असं तिचं म्हणणं.

बाई साहेबांच्या खुर्चीत बसल्या होत्या. शेजारी बॅग, भरलेली. कोपऱ्यातले स्पीकर झोपायच्या खोलीच्या उघड्या दारातून सरळ आत बघत होते, आणि आता पाणसळीची गरज नव्हती. मान खाली घालून उभं राहावं तसे दिसत होते.

"नेण्याआधी एक काम करा," बाई म्हणाल्या. "ती दोरी धरा. ह्यांच्याच उंचीवर येते का, तेवढं मला सांगा. मग मी जाते."

म्हणजे सगळं त्या दोरीवर आलं.

दोन्ही स्पीकरवर मी कागदी पट्टीने दोऱ्या चिकटवल्या. पैलवान दुसरी टोकं घेऊन दारातून आत गेला. मी स्पीकरपाशी बसून दोरीच्या रेषेत डोळा लावून सांगत होतो.

"उजवीकडे ये. अजून मागे. हात खाली घे."

"घेतला."

"अजून खाली."

"दाजी, मी पलंगाच्या कडेला आहे. गुडघ्यावर बसू का?"

"बस. अजून खाली."

"आता काय जमिनीत पुरता मला?" आतून हसणं आलं, मग हाताचे तळवे लाकडावर टेकल्याचा आवाज. "हं, आडवा झालो. आता बघा."

दोऱ्या मिळाल्या. जमिनीपासून वीतभर उंचीवर, पलंगाच्या अगदी लगत, उशीच्या बाजूला.

"दोन्हींची गाठ मार, म्हणजे निसटायच्या नाहीत," मी म्हणालो.

दोऱ्या जरा ओढल्या गेल्या, गाठ बसली. थोड्या वेळाने पैलवान बाहेर आला. दोऱ्या सैल पडून उंबऱ्यावरून आत गेलेल्या होत्या. तो बाईंकडे न बघता माझ्याजवळ आला आणि एकदम हळू म्हणाला, "दाजी, तिथली फळी गरम आहे."

"ऊन पडत असेल."

"त्या खोलीची खिडकी दुसऱ्या अंगाला आहे. आणि एकच फळी. एवढ्या लांबीची." त्याने दोन हात पसरले, मग स्वतःचेच हात बघून खाली घेतले. "मी गाडीत बसतो."

इतक्या वर्षांत तो काम अर्धं टाकून कधी गेला नव्हता. जिन्यावरून त्याची पावलं घाईने उतरत गेली.

७

खोलीत मी आणि बाई.

"काय शेठ? ह्यांची उंची आली?"

गिऱ्हाइकाला आवडेल ते बोलण्यात माझं आयुष्य गेलं. हो म्हटलं असतं तर त्या उठून निघाल्या असत्या, त्यांनी तसा शब्दच दिला होता. पण हो म्हणायचं म्हणजे त्या वीतभर उंचीवर साहेबांना बसवायचं. तो ताठ माणूस. माझ्या तोंडून निघेना.

"नाही बाई," मी म्हणालो. "हे साहेब नाहीत."

त्यांनी मान हलवली, आपली शंका खरी निघाल्यावर हलवतात तशी.

"मलाही वाटलंच. ह्यांना कुठे ऐकायची सवय! उभा जन्म गाणी ऐकली. मी काही बोलायला आले की हात वर करायचे, थांब, हे संपू दे. ते संपलं की दुसरं लागायचं." कुरकुर नव्हती आवाजात. "हे आहे ना, हे ऐकतं. मी ओट्याशी असले की तिकडे तोंड, इथे बसले की इथे. पहिल्यांदा लांब असायचं. हळूहळू जवळ आलं. आता पलंगाशी येऊन पडतं."

"बाई, निघा इथून. आत्ता. लेक खाली आलीये. स्पीकरही नेतो, म्हणजे सगळं थांबेल."

"स्पीकर नेऊन काय थांबेल?" त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "ते काही स्पीकरमध्ये नाही हो. स्पीकर नुसते दाखवतात ते कुठे आहे. तुम्हीच ना सांगायचात, तोंड बघून ऐकणारा कळतो? नेलेत तर ते इथेच राहील. मला फक्त दिसणार नाही."

दुकानात बसून, हिशेबाने, पटवून घेऊन मी ते स्पीकर काढून न्यायला आलो होतो, आणि या घरात तेवढीच एक गोष्ट बाईंच्या बाजूने होती.

"मग चला ना लेकीकडे."

"ती दिवसभर कामावर. नातू कानात बोळे घालून बसलेला. तिथे मी कोणाशी बोलू?"

मी दोऱ्या गुंडाळायला वाकलो.

दोऱ्या जमिनीवर नव्हत्या.

उंबऱ्यापाशी त्या वीतभर वर आल्या होत्या, ताठ, दोन्ही. मग त्या दाराच्या चौकटीवरून सरकायला लागल्या. माझ्या हाताशी असलेला स्पीकर वळत होता. मला काही ऐकू आलं नाही. मी जन्मभर हे बोजे हलवले. चकती घासते, खोका कुरकुरतो, माणूस श्वास सोडतो. इथे काहीच नाही. पुठ्ठ्याच्या पडद्यात आवाज नसलेला, कशालाही न जोडलेला तो खोका एखाद्या माणसाने मान वळवावी तसा वळला.

दोऱ्यांची गाठ दारातून बाहेर आली तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं ते खाली. पैलवान चालला की फळी टाचेखाली दबते आणि वर येते. इथे एक लांब फळी सबंध दबली, मग तिच्या शेजारची, मग तिच्या पुढची. आडवा, जड भार, तसूतसूने, जमिनीला जपत, एक कण न घासता. आमच्यापेक्षा कितीतरी चांगला.

ते खुर्चीच्या डाव्या अंगाला थांबलं. दोऱ्या हलायच्या थांबल्या.

बाईंनी खाली न बघता पाय जरा उजवीकडे घेतले. बाकावर कोणी बसायला आलं की आपण सरकतो तेवढेच.

"बरं, तर काय सांगत होते मी," त्या म्हणाल्या, आणि ते मला नव्हतं. "सकाळी डब्याचं झाकण निघेना..."

८

मी जिना कसा उतरलो ते मला सांगता येणार नाही. ब्लँकेट वरच राहिलं. पैलवान आमच्या गाडीत काचा वर करून बसला होता आणि एक तळहात पुन्हा पुन्हा पँटला पुसत होता.

लेक गाडीतून उतरली. "स्पीकर कुठेत? आई येतेय ना?"

"त्या राहतो म्हणाल्या."

"म्हणजे? तुम्ही समजावलं नाहीत?"

"समजावलं."

"काका, तुम्ही दगडाला स्पीकर विकता, आणि एका बाईला जिना उतरवता येत नाही तुम्हाला?" तिचे डोळे भरले होते. "ती एकटी आहे वर. मीच जाते. आज उचलून नेईन, पण नेईन."

ती निघाली. मी तिला अडवायला हवं होतं. पण काय सांगून अडवायचं? आई आहे तिची. कोणीतरी वर जायलाच हवं होतं, आणि मी जाणार नव्हतो.

"थांब," मी म्हणालो. ती दुसऱ्या पायरीवर थांबली. "आत गेलीस की बाबांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला पाय ठेवू नकोस. उजवीकडून जा आणि उजवीकडूनच आईला उठव."

"का? पॉलिश ओलं आहे का?"

पैलवानाने आतून काच थोडी खाली केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणालो. "ओलं आहे."